चावीचा फोनो

ग्रामोफोन म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पितळी कर्णा येतो, आणि त्या कर्ण्यापुढे कान देऊन बसलेले कुत्रे. हे चित्र फ्रान्सिस बॅरॉ या इंग्रज चित्रकाराचे. ग्रामोफोन कंपनीने ते १८९९ साली विकत घेतले आणि ते जगभर गाजले. परंतु वीज नसलेल्या गावी गाणे नेले ते पुष्कळदा कर्णा न दिसणाऱ्या, हातात धरून न्यायच्या पेटीने. आणि आज त्या चित्राच्या मोहापायीच या पेट्या मोडल्या जात आहेत.

विलायतेत डेक्का नावाची अशी पेटी १९१४ साली निघाली; पहिल्या महायुद्धात शिपायांनी ती थेट खंदकांत नेली. पुढे १९३१ साली 'हिज मास्टर्स व्हॉइस'ची १०२ नंबरची पेटी आली, आणि माझ्या मते या जातीत तिच्या तोडीची दुसरी नाही. तिला कर्णा नाही असे वाटते, पण असतो. तो आत दुमडून बसवलेला असतो. झाकण उघडून उभे केले की आवाज त्यावर आपटून समोर येतो. बाजूला चावी. चावी दिली की आतली पोलादी स्प्रिंग गुंडाळते, ती उलगडताना तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, आणि सुईचा थरकाप साउंडबॉक्समधल्या पातळ पडद्याला पोचून त्याचे गाणे होते. विजेचा कुठे संबंध नाही.

त्या तबकड्या लाखेच्या. ती लाख बव्हंशी आपल्याच देशातली, पळस-कुसुमाच्या झाडांवरची! दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांचे गाणे ज्यांना नाटकगृह कधी दिसले नाही अशांच्या कानी पडले, ते त्या तीन मिनिटांत. आपल्याकडे अशा तबकड्या १९६० नंतरही निघत होत्या.

आता मोडतोडीचे सांगतो. मुंबईच्या चोरबाजारात आणि इतरत्रही चकचकीत कर्ण्याचे 'जुने' ग्रामोफोन मिळतात. त्यांतले बरेच नवे असतात. लाकडी खोके नवे, पितळी कर्णा नवा, वर कुत्र्याची पट्टी; आतले यंत्र मात्र एखाद्या खऱ्या पेटीतून उपसलेले. पेटी जाते भंगारात. शोभेच्या वस्तूसाठी वाजती वस्तू मारायची, हा कुठला व्यवहार? म्हणूनच साउंडबॉक्स, चावी, झाकणातला तबकड्यांचा कप्पा आणि कंपनीची मूळ छाप असे सारे जागच्या जागी असलेली पेटी दिसली की जाणता संग्राहक कर्ण्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

गुरुजींनो, शाळेच्या कपाटात किंवा एखाद्या वाड्याच्या माळ्यावर अशी पेटी असेल, तर भंगारवाल्याला दाखवण्याआधी उघडून पाहा. चावी जड लागली तर जोर करू नका. स्प्रिंगमधले ग्रीस वाळून घट्ट झालेले असते, ते जाणत्या कारागिराकडून साफ करून घ्यावे. नंतरच्या काळातल्या प्लॅस्टिकच्या तबकड्या तिच्यावर लावू नका. ही जड सुई त्यांना ओरबाडून काढते. आणि पोलादी सुई एका बाजूपुरतीच. बाजू संपली की ती टाकून द्यायची आणि नवी लावायची.