खुराक कोणी द्यायचा?

एप्रिल २०२२. साताऱ्याच्या छत्रपती शाहू क्रीडा संकुलात कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरला हरवलं आणि महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा खांद्यावर घेतली. हलगी कडाडली, फेटे उडाले. नंतर बातमी गाजली ती मात्र वेगळीच. गदा मिळाली, पण रोख बक्षीस नाही, अशी खंत खुद्द विजेत्यानेच बोलून दाखवली होती. मग इकडून तिकडून बक्षिसं जाहीर झाली, ते जाऊ दे. सातारा-सांगलीकडच्या जुन्या पैलवानांना यात नवल वाटलं नसेल. या भागातल्या कुस्तीचा इतिहास जितका डावांचा, तितकाच दुधाच्या उधारीचा.

समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी नऊ आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आहेत. चाफळ, मसूर, उंब्रज, इकडे बहे आणि शिराळा. मारुती आला की तालीम आलीच. आत गुडघाभर खणलेली तांबडी माती. ती नुसती माती नसते. तिच्यात तेल जातं, ताक जातं, लिंबू, कापूर आणि हळद जाते. हळदीची मोठी पेठ सांगलीतच, तेव्हा तिची वाण नाही. पहाटे जोर, बैठका, मग मातीतली पकड. घाम जिरला की कुंडी पुढे ओढायची आणि भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटण्याने घोटत बसायचं. ही थंडाई. त्यावर लिटरच्या मापाने दूध, जेवणात तूप, संध्याकाळी मटण. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी याच मुलखात सूर्यनमस्काराचा प्रसार करत होते. नमस्काराला सतरंजीएवढी जागा पुरते, खर्च शून्य. पैलवानकीचं तसं नाही. शेतकऱ्याच्या घरातला एक पोरगा तालमीत गेला की गोठ्यातली एक म्हैस त्याच्या नावावर पडते.

म्हणून पूर्वी हा भार संस्थानं उचलत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं, मल्लांना आश्रय दिला आणि वारणा-कृष्णाकाठची पोरं ट्रंक घेऊन कोल्हापूरच्या तालमींकडे निघाली. सकाळची मेहनत माती घेई, संध्याकाळचं ताट दरबार देई. १९४८-४९ मध्ये संस्थानं विलीन झाली आणि हे ताट कोणी वाढायचं हा प्रश्न उघडा पडला.

त्याची पहिली झळ खाशाबा जाधवांना लागली.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला होता. मातीत वाढलेला गडी गादीवर पहिल्यांदाच उतरला आणि तरीही सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली तोवर संस्थान उरलं नव्हतं. गावाने वर्गणी काढली. सरकारकडून चार हजार आले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्याच्या ढाक डावावर घर लावणारा प्राचार्य दुसरा कुठला सापडावा?

हेलसिंकीत ५७ किलो वजनगटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना पाडलं. जपानच्या शोहाची इशीईशी झुंज लांबली, ती ते हरले. नियमाने मधे अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. ती न देता त्यांना सोव्हिएत संघाच्या राशिद मामेदबेकोवसमोर उभं केलं आणि हरकत घ्यायला भारताचा एकही अधिकारी जागेवर नव्हता, असं सांगतात. तरी २३ जुलै १९५२ रोजी कांस्य हाती आलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कऱ्हाड स्टेशनवर शंभरावर बैलगाड्या आल्या होत्या. मिरवणूक आटोपली आणि पदकविजेत्याने काय केलं, तर कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढला आणि त्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवलं.

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले. पैलवानाला नोकरी हाच खुराक, ही वाट त्यानंतर रुळली.

जड गटातल्या गड्यांचा प्रश्न आणखी जड. पुनवतचे गणपतराव आंदळकर १९६० मध्ये हिंद केसरी झाले, कवठेपिरानचे मारुती माने १९६४ मध्ये. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दोघांनीही सुवर्ण आणि रौप्य अशी दोन-दोन पदकं आणली. दोन्ही गावं सांगली जिल्ह्यातली! त्याच काळात माळावर साखर कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. पुढे पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांनी मल्लांना मानधन सुरू केलं आणि संस्थानिकाच्या खुर्चीवर चेअरमन येऊन बसला. गावजत्रेचा आधार होताच. लहानग्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मोठ्यांच्या इनामावर, आणि कुंडलसारख्या मैदानात जोड लागली की महिनाभर चर्चा.

खुराकावर अंग राखावं लागणारा गडी फक्त मातीतच असतो असं नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘ऑफेन्सिव्ह लाइनमन’ नावाचा असाच एक गडी असतो. चेंडू त्याच्या हाती जवळजवळ येतच नाही. समोरून येणारा लोंढा अंगावर घेऊन मागच्या खेळाडूला वाचवायचं, एवढंच त्याचं काम. क्लीव्हलँडचा जो थॉमस सलग १०,३६३ चाली मैदानात उभा होता. दंडाचा स्नायू फाटला तेव्हाच थांबला. वजन १४० किलोच्या आसपास, आणि ते राखायला भूक नसताना खायचं. निवृत्त झाल्यावर त्याने वीस किलोहून जास्त वजन उतरवलं. आपल्याकडे याला खुराक तोडणं म्हणतात आणि वस्ताद ते हळूहळू करायला लावतात. मेहनत थांबली आणि ताट तेच राहिलं, तर दोन वर्षांत गुडघे बोलायला लागतात.

मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा घेतली. पोरीसाठी वेगळी म्हैस बांधायची, हे सांगलीच्या घरांना आता सांगावं लागत नाही.

जत्रेच्या मैदानात पंचांच्या रांगेत जुने पैलवान बसलेले दिसतात. अंगावरचा सदरा ढगळ झालेला, मांड्या वाळलेल्या, फेटा मात्र कडक. ओळख पटते ती कानांवरून. मातीत घासून घासून चुरगळलेले, मिटलेल्या मुठीसारखे कान. जोड लागली की ते पुढे वाकतात आणि बसल्या जागी डावा खांदा किंचित खाली जातो.