विमानतळावर तीन तास आधी का? थोडा इतिहास, थोडा हिशोब

मंडळी, सुट्टीची तिकिटं झाली का? झाली असतील तर आता घरोघरी तो वार्षिक वाद सुरू होईल. एकाचं म्हणणं, "ऑनलाइन चेक-इन केलंय ना, मग दोन तास पुष्कळ झाले." दुसऱ्याचं म्हणणं, "मुलं बरोबर आहेत, चार तास आधी निघू." आणि मागच्या सीटवरून प्रश्न येणार, "आई, व्हाय सो अर्ली?"

त्या मागच्या सीटवरच्या प्रश्नासाठी ही पोस्ट आहे. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. मी पेशाने सीए. आमच्या धंद्यात एक गोष्ट पक्की ठाऊक असते: व्हाउचरवर दोन सह्या का लागतात, कॅश मोजणारा आणि लिहिणारा वेगळा का असतो, याच्या मागे कधीतरी कुठेतरी झालेला एक घोटाळा असतो. विमानतळाचंही तसंच आहे. तुम्ही ज्या ज्या टेबलापाशी थांबता, त्या प्रत्येकाला एक तारीख आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागते. १९६० च्या दशकात तिथे विमानात चढणं म्हणजे आपल्याकडे एसटीत चढण्याइतकं सोपं होतं. बॅग उघडायची नाही, अंगझडती नाही, सोडायला आलेली माणसं थेट विमानाच्या दारापर्यंत. मग विमानं पळवून क्युबाला न्यायची साथच आली. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत अमेरिकेत १३० पेक्षा जास्त विमान अपहरणं झाली. तरीही प्रत्येक प्रवाशाला तपासायला विमान कंपन्या तयार नव्हत्या. खर्च होईल, गिऱ्हाईक चिडेल, रांगा लागतील, हीच कारणं. (ऑडिटरला हे युक्तिवाद फार ओळखीचे वाटतात.) नोव्हेंबर १९७२ मध्ये सदर्न एअरवेजचं विमान पळवणाऱ्यांनी ते ओक रिजच्या अणुभट्टीवर आदळण्याची धमकी दिली आणि युक्तिवाद संपले. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवासी आणि त्याची हातातली बॅग तपासणं सक्तीचं झालं. आज आपण ज्या रांगेत उभे राहतो तिचा जन्म साधारण तिथला.

इस्रायलमध्ये राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे आधीपासून माहीत असेल. एल अलचं विमान जुलै १९६८ मध्ये रोमहून निघाल्यावर पळवून अल्जियर्सला नेलं होतं. ३० मे १९७२ ला लोद विमानतळावर जपानी रेड आर्मीच्या तिघांनी गोळीबार करून २६ जणांचा जीव घेतला. तिथे बॅगेच्या आधी माणसाला प्रश्न विचारतात, "बॅग कोणी भरली? कोणी काही दिलं का?" त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ त्यांनी मुद्दाम ठेवलेला आहे.

आपल्याकडची पहिली मोठी तारीख ३० जानेवारी १९७१. इंडियन एअरलाइन्सचं 'गंगा' नावाचं छोटं फॉकर विमान श्रीनगरहून जम्मूला निघालं आणि लाहोरला नेलं गेलं. पळवणाऱ्यांच्या हातात होतं खोटं पिस्तुल आणि लाकडी हातबॉम्ब! प्रवासी सुटले, विमान जाळलं गेलं, आणि भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली. पुढे १० सप्टेंबर १९७६ ला आणखी एक विमान लाहोरला गेलं. त्यानंतर पांडे समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा एक छोटा विभाग सुरू झाला. त्याला आज आपण बीसीएएस म्हणतो. हँडबॅगेत काय चालेल, काय नाही, हे ठरवणारे हेच.

पण इथपर्यंत सगळ्यांचं लक्ष होतं हातातल्या पिस्तुलावर. पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगांकडे कोणाचं फारसं लक्ष नव्हतं. ते गेलं ती तारीख आपण परदेशातल्या आईबापांनी तरी पाठ ठेवायला हवी: २३ जून १९८५.

एअर इंडियाचं 'कनिष्क'. माँट्रियल–लंडन–दिल्ली–मुंबई. कॅनडातल्या शाळांना सुट्ट्या लागत होत्या. आपल्यासारखीच कुटुंबं, आजी-आजोबांकडे निघालेली मुलं, बॅगांत चुलतभावंडांसाठी खाऊ आणि कपडे. आदल्या दिवशी व्हँकुव्हरला एका माणसाने काउंटरवर बॅग दिली. त्याचं टोरांटोपर्यंतचं तिकीट पक्कं होतं, पुढचं एअर इंडियाचं वेटिंगवर. नियमाप्रमाणे त्याची बॅग टोरांटोपर्यंतच जायला हवी होती. तो हट्टाला पेटला की बॅग थेट पुढच्या विमानात टाका. काउंटरवरच्या बाईंनी आधी नाही म्हटलं. पण मागे लांब रांग होती, माणूस वाद घालत होता. शेवटी त्यांनी टॅग लावला. तो माणूस विमानात चढलाच नाही. बॅग चढली.

टोरांटोला त्या दिवशी बॅगा तपासायचं एक्स-रे मशिन मध्येच बंद पडलं. उरलेल्या बॅगा हातात धरायच्या एका यंत्राने तपासल्या. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, ३१,००० फुटांवर स्फोट झाला. ३२९ माणसं गेली, त्यात ऐंशीहून जास्त मुलं. त्याच कटातली दुसरी बॅग थोडा वेळ आधी जपानच्या नारिता विमानतळावर फुटली आणि सामान हलवणारे दोन कामगार मेले. कॅनडातल्या चौकशी आयोगाचा अहवाल यायला २०१० साल उजाडलं. आयर्लंडमध्ये अहाकिस्ता नावाच्या लहानशा गावी समुद्राकाठी स्मारक आहे. तिकडे राहणाऱ्यांनी मुलांना घेऊन जरूर जावं.

हे वाचून मुलांना घाबरवा असं मी म्हणत नाही. पण काउंटरवरची मुलगी "वन मिनिट मॅडम" म्हणून स्क्रीनकडे बघत बसते, तेव्हा मागच्या रांगेतून उसासे टाकणाऱ्यांत आपण असू नये, एवढं मला व्हँकुव्हरची हकीकत वाचल्यापासून फार वाटतं. रांगेच्या दडपणाखाली नियम सोडणं किती महाग पडू शकतं, याचं याहून भयंकर उदाहरण मला माहीत नाही.

कनिष्कनंतर जगभर एक साधा नियम आला: बॅग आणि माणूस यांचा मेळ. ज्याची बॅग पोटात आहे तो माणूस विमानात नसेल, तर बॅग उतरवा. आम्ही याला रिकन्सिलिएशन म्हणतो. बँकेचं पासबुक आणि आपली कॅशबुक जुळली पाहिजे, नाहीतर वर्ष बंद होत नाही. इथे दार बंद होत नाही. काउंटर सुटायच्या साधारण तासभर आधी का बंद करतात, याचं एक मोठं कारण हेच: शेवटची बॅग तपासून विमानापर्यंत पोचायला आणि यादी जुळवायला वेळ हवा. "अहो, विमान तर समोर उभं आहे!" म्हणून उपयोग नाही. भारतात बीसीएएस १ एप्रिल १९८७ ला स्वतंत्र खातं झालं तेही कनिष्कमुळेच. नियम आला तरी लगेच सगळीकडे रुजला नाही. २१ डिसेंबर १९८८ ला लॉकरबीवर पॅनॅमचं विमान फुटलं ते पुन्हा मालकाविना आलेल्या बॅगेमुळेच. २७० माणसं गेली.

पुढच्या तारखा भराभर सांगते. २४ डिसेंबर १९९९, काठमांडूहून निघालेलं आयसी ८१४ कंदाहारला. त्यानंतर आपल्या विमानतळांची राखण राज्य पोलिसांकडून सीआयएसएफकडे जाऊ लागली; पहिला जयपूर, फेब्रुवारी २००० मध्ये. मग ११ सप्टेंबर २००१. अमेरिकेत तोवर तपासणीची माणसं विमान कंपन्यांच्या कंत्राटदारांची असत. नोव्हेंबर २००१ च्या कायद्याने टीएसए आलं आणि सोडायला येणाऱ्यांचं दारापर्यंत जाणं संपलं. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात स्फोटकं आणली, म्हणून बूट. २००९ च्या ख्रिसमसला एकाने अंतर्वस्त्रात आणली, म्हणून बॉडी स्कॅनर. अमेरिकेतली बूट काढायची सक्ती जुलै २०२५ मध्ये संपली, पण आपली बोटं अजून सवयीने लेसकडे जातातच.

लहान मुलांच्या आयांनी खास लक्षात ठेवावा असा दिवस म्हणजे १० ऑगस्ट २००६. हीथ्रोहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत पेयाच्या बाटल्यांतून स्फोटकं न्यायचा कट उघड झाला. त्या दिवशी ब्रिटनमध्ये हातात फक्त पासपोर्ट, पाकीट अशा चार वस्तू, त्याही पारदर्शक पिशवीत. बाळाचं दूध नेता येत होतं, पण आईने ते स्वतः चाखून दाखवायचं! काही आठवड्यांनी त्यातून १०० मिलीचा नियम निघाला. तुपाची बरणी आणि आईच्या हातचं कैरीचं लोणचं हँडबॅगेतून बाहेर काढलं जातं, त्याचा उगम हा. गल्फमधल्यांना मार्च २०१७ ही आठवत असेल. दुबई, अबू धाबी, दोहा, कुवेत वगैरे ठिकाणांहून अमेरिकेला जाताना फोनपेक्षा मोठं काहीच केबिनमध्ये न्यायचं नाही. चौदा-पंधरा तास, आणि मुलाचा आयपॅड विमानाच्या पोटात. चार महिन्यांत ती बंदी उठली, पण त्या चार महिन्यांत प्रवास केलेल्या आयांना पदक द्यायला हवं होतं.

आता तो कागद तपासण्याचा वेळ. हा सुरक्षेचा नाही, दंडाचा आहे. ब्रिटनमध्ये १९८७ च्या कायद्याने योग्य कागद नसलेला प्रवासी आणला तर विमान कंपनीला दंड होऊ लागला. इतर देशांतही असेच कायदे आहेत. म्हणून काउंटरवर आधी व्हिसा, ओसीआय, पासपोर्ट बघतात. मुलाचा नवा पासपोर्ट आणि जुन्या पासपोर्टचा नंबर असलेलं ओसीआय कार्ड अशी जोडी असेल तर तिथे हमखास वीस मिनिटं जातात. ऑनलाइन चेक-इनने हे टळत नाही.

बरं, मग किती आधी जायचं? थोडा हिशोब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेत. समजा दोन-अडीच तासांच्या अवधीत तीन मोठी विमानं सुटणार, प्रत्येकी ३५० माणसं, म्हणजे १,०५०. तपासणीचे तीन पट्टे, प्रत्येकी तासाला १५०, म्हणजे तासाला ४५० माणसं पुढे जातात. सगळे दोन तासांत विखरून आले तर शेवटच्याला २० मिनिटं थांबावं लागेल. तेच १,०५० जण एका तासात आले तर तासाअखेर ६०० जण रांगेत, आणि शेवटच्याची वाट १ तास २० मिनिटं. माणसं तेवढीच, पट्टे तेवढेच, वेळ चौपट. मुंबईहून परदेशी जाणाऱ्या विमानांची गर्दी मध्यरात्रीच्या मागेपुढे एकवटते, तेव्हा आपण या दुसऱ्या उदाहरणात असतो. "गेल्या वेळी वीस मिनिटांत झालं होतं" याला म्हणून काही अर्थ नाही. तुम्ही त्या वेळी कुठल्या तासात गेला होता, ते सांगा.

विमान सुटण्याच्या वेळेपासून नको, काउंटर बंद होण्याच्या वेळेपासून उलटं मोजा. मुंबईत टर्मिनलच्या दारावर सीआयएसएफची एक रांग, मग काउंटर, मग इमिग्रेशन, मग अंगझडती. अंगझडती बायकांसाठी पडद्याआड वेगळी असते आणि लहान मुलं बहुधा आईबरोबरच जातात, तेव्हा ती रांग हळू सरकते. बाबा मंडळी पलीकडे आधी पोचून फोन बघत उभी राहतात. त्यांना ट्रे गोळा करायचं काम आधीच नेमून द्या. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना दारापाशी पुन्हा एक तपासणी असू शकते. अबू धाबीहून जाणार असाल तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं, २०१४ पासून. मधल्या थांब्याला दीड तास ठेवू नका. मुलं आणि मोठ्या बॅगा असतील तर मुंबईहून निघताना मी साडेतीन तास धरते, आणि सासूबाई व्हीलचेअरवर असतील तर चार. इथून निघताना, गर्दीचा दिवस नसेल तर, तीन.

भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय असेल तर इमिग्रेशनच्या जलद रांगेची सोय २०२४ मध्ये दिल्लीत आणि पुढच्या वर्षी मुंबईतही सुरू झाली. नोंदणी आधी करावी लागते, ती करून टाका. डिजीयात्रा मात्र देशांतर्गत प्रवासासाठी आहे. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तिच्यावर विसंबू नका.

आणि हो, सुकं खोबरं. वाटीचं खोबरं तेलकट असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, चक्क स्वतःचा क्रमांक घेऊन: यूएन १३६३. बॅग एक्स-रेत अडकली की तुमचं नाव पुकारतात, आणि तुम्ही मुलांना सोडून बॅग उघडायला परत जाता. खोबरं इथल्याच दुकानात घ्या. पुरणपोळी, चकली, भाजणी खुशाल आणा. ब्रिटनमध्ये एडिंबरासारख्या काही विमानतळांवर २०२५ पासून नव्या स्कॅनरमुळे हातात दोन लिटरपर्यंतची बाटली चालते, पण ते जाताना. येताना मुंबईला तूप हातात १०० मिलीच, बाकीचं मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून.