चव्वेचाळीस हजार शंभर : एका आकड्याचा इतिहास

मंडळी, आपला हिंगोली जिल्हा म्हणजे नामदेवांच्या नरसीचा जिल्हा. गोरेगावात ओव्या-अभंगांची थोरवी वेगळी सांगायला नको. आज आपण बोलणार आहोत ते या आवाजांच्या प्रवासाबद्दल. मुद्रण केलेला आवाज सीडीवर उतरवताना त्याचं काय होतं? हे समजायला दोन आकड्यांचा इतिहास पाहावा लागतो : 44,100 आणि 16.

डिजिटल मुद्रण म्हणजे आवाजाची मोजणी. सेकंदाला किती वेळा मोजलं, हा सॅम्पल रेट. प्रत्येक वेळी किती बारीक मोजलं, ही बिट डेप्थ. माणसाच्या कानाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि आवाज नीट पकडायचा तर त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. म्हणजे 40,000 च्या वर. पण मग नेमके 44,100 च का?

याचं उत्तर व्हिडिओ टेपमध्ये आहे. 1970 च्या दशकात एवढी माहिती साठवायला सोयीचं साधन म्हणजे व्हिडिओ टेपच. सोनीच्या यंत्रांनी चित्राच्या जागी आवाजाचे आकडे भरले. चित्राच्या एका ओळीत 3 नमुने, वापरात येणाऱ्या 245 ओळी, सेकंदाला 60 क्षेत्रं. गुणाकार करा : 44,100. युरोपच्या पद्धतीत 294 ओळी आणि 50 क्षेत्रं, तरी उत्तर तेच! फिलिप्स आणि सोनीने 1980 साली सीडीचं प्रमाण ठरवलं, त्याला रेड बुक म्हणतात. त्यात हाच आकडा कायम झाला. फिलिप्सचा कल 14 बिटांकडे होता, सोनीचा 16 कडे, 16 ठरले. 1982 च्या ऑक्टोबरात जपानमध्ये सीडी बाजारात आली.

पुढे 1987 मध्ये डॅट टेप आली. तिचा नेहमीचा दर 48,000. व्हिडिओचं कामही 48,000 वरच चालतं. आणि गोंधळ इथूनच सुरू झाला.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कित्येक बायकांच्या आवाजात मुद्रित केल्या. 1996 साली आपल्या मराठवाड्यातल्या माजलगावातही हे काम झालं. जातं गेलं, पिठाची गिरणी आली. आता ते आवाज पुन्हा कुठून आणणार? अशा मुद्रणाची प्रत काढताना चूक झाली आणि मूळही पुसलं, तर संपलंच.

चूक कशी होते ते पाहू. 48,000 ची फाइल न बदलता 44,100 म्हणून वाजवली, तर गाणं आठ टक्के संथ होतं आणि पट्टी उतरते. काळी चारमध्ये गाणारी बाई काळी तीन आणि पांढरी पाचच्या मधे कुठेतरी जाते. भजनी मंडळाची पेटी तिला जुळणारच नाही. म्हणून दर नीट हिशोबाने बदलावा लागतो. हे प्रमाण 160 ला 147 असं अवघड आहे, त्यामुळे अधूनमधून नमुने गाळून भागत नाही. शिवाय 22,050 हर्ट्झच्या वरचा आवाज आधी गाळून घ्यावा लागतो. तो राहिला तर खाली दुमडतो : 30,000 चा सूर 14,100 वर येऊन बसतो, जो मुळात कुणी गायलेलाच नाही.

आता बिटांचं. 24 बिटांत एक कोटी 67 लाखांहून जास्त पायऱ्या असतात, 16 बिटांत 65,536. समजा दुकानदाराकडे शेराच्या खालचं मापच नाही. पावशेर ज्वारी मागणाऱ्याला दर वेळी शून्य मिळणार. ओवीच्या शेवटी विरत जाणारा आवाज असाच खरखरतो आणि तुटतो. पण दुकानदाराने नेम न धरता चारांतून एकदा पूर्ण शेर दिला, तर सरासरी पावशेर बरोबर पडते. यालाच डिदर म्हणतात : अगदी मंद, अनियमित खरखर मुद्दाम मिसळायची, म्हणजे बारीक आवाज तिच्यातून टिकून राहतो. 1984 साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या वँडरकूय आणि लिपशिट्झ यांनी ध्वनीच्या बाबतीत हे शास्त्रशुद्ध मांडलं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. साफसफाई आणि आवाजाची पातळी 24 बिटांतच करा. मग दर बदला. डिदर देऊन 16 बिट करणं सगळ्यात शेवटी, आणि एकदाच. जागतिक ध्वनिसंग्रह संघटना, आयासा, जतनासाठी किमान 48,000 आणि 24 बिट सुचवते. सीडीचा आकडा तिथे जतनाचं माप धरलेला नाही.

आमचं म्हणणं एवढंच आहे. 44,100 आणि 16 ही त्या काळच्या टेपची आणि बाजाराची सोय होती. सीडी जरूर काढा, लग्नकार्यात वाटा. पण आजीचा मूळ आवाज त्या मापाला कापून फेकू नका; तो दोन ठिकाणी जपून ठेवा. उद्या सीडीचं यंत्र मिळेनासं होईल, तेव्हा मूळच कामाला येईल.

आता प्रश्न असतील तर घेऊ या.