पेशीतील बांधकामाचे नियंत्रक

शरीरात जंतूचा शिरकाव झाला की पांढरी रक्तपेशी त्याच्या दिशेने सरकू लागते. तिला पाय नाहीत. तरीही तिची पुढची कड पातळ पदरासारखी पसरते, पाठीमागचा भाग ओढला जातो आणि पेशी जंतूला गाठते. या हालचालीचे रहस्य ॲक्टिन नावाच्या प्रथिनात दडलेले आहे. मात्र ॲक्टिनपेक्षाही महत्त्वाची आहेत ती त्याच्यावर लगाम ठेवणारी प्रथिने. त्यातील एक जरी बिघडले तरी जिवावर बेतू शकते.

ॲक्टिनचा शोध १९४२ साली हंगेरीतील सेगेड येथे आल्बेर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो स्ट्राउब यांनी लावला. तेव्हा ते स्नायूंचे प्रथिन मानले गेले. पुढे ते स्नायूंव्यतिरिक्त इतर पेशींतही सापडले. आज अमिबापासून माणसापर्यंत सर्वत्र ते आढळते.

तंतू कसा घडतो?

ॲक्टिनचा सुटा रेणू ३७५ अमिनो आम्लांचा असतो. असे रेणू एकामागोमाग एक जोडले जाऊन दुपेडी तंतू तयार होतो. त्याची जाडी अवघी सात नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी असते. तंतूची दोन टोके सारखी नसतात. एक वेगाने वाढते, दुसरे संथपणे. प्रत्येक रेणू आपल्याबरोबर एटीपी हे ऊर्जावाहक संयुग घेऊन येतो. तंतूत बसल्यावर त्याचे विघटन होते आणि रेणू 'जुना' होतो. जुने रेणू मागच्या टोकाने सुटतात, नव्याने एटीपी घेतात आणि पुन्हा पुढे जोडले जातात. विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारखेच हे चक्र म्हणावे लागेल.

येथे एक पेच निर्माण होतो. तंतू टिकून राहण्यासाठी लागणाऱ्या किमान प्रमाणापेक्षा शेकडो पट अधिक सुटे ॲक्टिन अनेक पेशींत असते. नियंत्रण नसते तर हे सारे ॲक्टिन आपोआप तंतूंत गुंफले गेले असते आणि पेशीला हवे तेव्हा हवे तेथे नवे तंतू उभारताच आले नसते. तसे घडत नाही, याचे श्रेय नियंत्रक प्रथिनांना जाते.

राखण, आरंभ आणि अटकाव

थायमोसिन बीटा-४ हे लहानसे प्रथिन सुट्या रेणूंना धरून ठेवते. ही पेशीची शिल्लकच म्हणता येईल. प्रोफिलिन हे दुसरे प्रथिन रेणूला वेगाने वाढणाऱ्या टोकाशी जोडू देते, पण नवा तंतू सहजी सुरू होऊ देत नाही.

मग आरंभ कोण करतो? दोन-तीन रेणूंचा जुडगा अस्थिर असल्याने लगेच विस्कटतो. म्हणून पेशीला स्वतंत्र आरंभक लागतात. त्यांपैकी 'आर्प २/३' हा सात प्रथिनांचा समूह १९९४ मध्ये लॉरा माचेस्की व थॉमस पोलार्ड यांच्या गटाने एका अमिबात शोधला. त्यातील दोन प्रथिने ॲक्टिनसारखीच दिसतात. जुन्या तंतूच्या अंगावर बसून हा समूह सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फोडतो. अशा असंख्य फांद्यांचे जाळे पेशीची कड पुढे ढकलते. फॉर्मिन कुळातील प्रथिने मात्र फांद्या न फोडता सरळ, लांब तंतू वाढवतात.

वाढीला आवरही हवाच. टोपी-प्रथिन तंतूच्या वाढत्या टोकावर बसून ते बंद करते. त्यामुळे फांद्या आखूड व ताठ राहतात. कोफिलिन हे प्रथिन जुने झालेले तंतू ओळखून तोडते. त्यातून सुटे झालेले रेणू नव्या बांधकामाला मिळतात.

जंतूने दिलेला धडा

या यंत्रणेचे एक कोडे उलगडले ते एका रोगजंतूमुळे. दूषित अन्नातून, विशेषतः मऊ चीजमधून, पसरणारा लिस्टेरिया जंतू गर्भवतींना व त्यांच्या बाळांना घातक ठरू शकतो. पेशीत शिरल्यावर तो तिचेच ॲक्टिन वापरून धूमकेतूसारखे शेपूट तयार करतो आणि त्याच्या रेट्याने शेजारच्या पेशीत घुसतो. ॲक्ट-ए हे त्याच्या पृष्ठभागावरील प्रथिन पेशीतील आर्प २/३ समूहाला कामाला लावते, हे १९९० च्या दशकात स्पष्ट झाले. १९९९ मध्ये फ्रान्समधील मारी-फ्रान्स कार्लिए यांच्या गटाने शुद्ध केलेली मोजकी प्रथिने एकत्र करून ही हालचाल पेशीविनाच घडवून दाखवली. ॲक्टिन, आर्प २/३, कोफिलिनच्या कुळातील प्रथिन आणि टोपी-प्रथिन एवढ्यांशिवाय भागत नव्हते. एकट्या ॲक्टिनने हे काम होत नाही, हे यातून सिद्ध झाले.

एका प्रथिनाची उणीव

निरोगी पेशीत आर्प २/३ समूह स्वतःहून फारसे काम करीत नाही. त्याला जागे करावे लागते. रक्तपेशींत हे काम 'वॅस्प' नावाचे प्रथिन करते. त्याचे नाव पडले ते एका आजारावरून. १९३७ मध्ये जर्मन बालरोगतज्ज्ञ आल्फ्रेड विस्कॉट यांनी तीन भावांची नोंद केली. वारंवार संसर्ग, रक्तस्राव आणि इसब अशी तिघांचीही लक्षणे होती, तर बहिणी निरोगी होत्या. १९५४ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी हा आजार आईकडून मुलाकडे येतो हे दाखवले. सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याचे कारण त्यामागे आहे. १९९४ मध्ये ते जनुक हाती लागले.

विस्कॉट-ऑल्ड्रिच आजारात ॲक्टिन शाबूत असते. बिघाड असतो तो आज्ञा देणाऱ्या प्रथिनात. परिणामी रक्तबिंबिका लहान व कमी राहतात आणि पांढऱ्या पेशींना जंतूंशी नीट सामना करता येत नाही. जुळणाऱ्या दात्याच्या अस्थिमज्जेतील मूलपेशींचे रोपण हा त्यावरचा प्रस्थापित उपचार आहे. २०१३ मध्ये मिलान येथील संशोधकांनी तीन मुलांवरील जनुकोपचाराचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केले.

विटा कितीही असल्या तरी गवंड्याशिवाय भिंत उभी राहत नाही. पेशीतील हे गवंडी ओळखल्यामुळेच एका जीवघेण्या बालविकाराचे मूळ सापडले आणि त्यावर उपचाराची नवी वाट खुली झाली.