मद्रासचा सदुसष्टावा

लघुग्रहांच्या यादीत ६७ या क्रमांकापुढे ‘एशिया’ असं नाव आहे. जन्मगाव मद्रास, तारीख १७ एप्रिल १८६१. आशिया खंडातून शोधला गेलेला हा पहिला लघुग्रह.

शोधणारा नॉर्मन पॉगसन त्याच वर्षी सरकारी खगोलशास्त्रज्ञ म्हणून मद्रासला रुजू झाला होता. माणूस नवखा नव्हता. ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेत त्याने आयसिस आणि अॅरिअॅडनी हे लघुग्रह टिपले होते. शिवाय ताऱ्यांच्या एका प्रतीमागे तेजात २.५१२ पट फरक धरावा, ही १८५६ मधली सूचनाही त्याचीच. प्रतींचा तो हिशोब आजही तसाच चालतो.

मद्रासच्या नुंगमबाक्कम भागातली ही वेधशाळा १७९२ मधली, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली. दुर्बिणी युरोपच्या मानाने साध्याच. पण जागा मोक्याची होती. लघुग्रह बहुतेक क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या भासमान वाटेच्या, आसपास फिरतात. एप्रिलच्या मध्यरात्री क्रांतिवृत्ताचा जो भाग कन्या राशीत दिसतो, तो ऑक्सफर्डहून पाहिला तर क्षितिजापासून जेमतेम तीस अंश वर, धुरकट हवेच्या थरात. मद्रास १३ अंश अक्षांशावर असल्याने तोच भाग तिथे आकाशात बराच उंच येतो. मला वाटतं, या शोधाचं निम्मं श्रेय भूगोलाला द्यायला हरकत नाही.

उरलेलं निम्मं चिकाटीचं. तेव्हा लघुग्रह शोधायला फोटोग्राफीची मदत नव्हती. आकाशाचा तुकडा ताऱ्यांच्या नकाशाशी ठिपक्याठिपक्याने पडताळायचा, नकाशात नसलेला ठिपका दिसला की पुढच्या रात्री तो सरकलाय का ते बघायचं. सरकला म्हणजे काम संपलं असं नाही, उलट तिथून ते सुरू होतं. कक्षा ठरली नाही, तर काही महिन्यांत तो ठिपका सूर्याच्या उजेडात शिरतो आणि पुन्हा कुठे उगवेल हे कुणालाच सांगता येत नाही. १८०१ मध्ये सीरिस असाच हातचा निसटला होता; तरुण गणिती गाउसने मोजक्या वेधांवरून त्याची कक्षा मांडली, म्हणून तो परत सापडला. पॉगसनच्या वेळी हिंदुस्थान आणि युरोप तारेने जोडलेले नव्हते. ती सोय १८६५ ची. वेधांचे आकडे आगबोटीने जायचे.

एशियाची कक्षा चांगलीच लंबगोल आहे. सूर्यापासून जवळात जवळ सुमारे साडेएकोणतीस कोटी किलोमीटर, लांबात लांब त्रेचाळीस कोटी. एका फेरीला साधारण १,३७६ दिवस. यात एक गंमत आहे: मंगळाचं वर्ष ६८७ दिवसांचं, म्हणजे मंगळाच्या दोन फेऱ्या होतात तेवढ्यात एशियाची एक. अनुनाद म्हणतात तो हाच. आकाराने हा दगडी गोळा साठेक किलोमीटरचा, आणि स्वतःभोवती वळायला त्याला जवळपास सोळा तास लागतात.

नाव ग्रीक पुराणातल्या टायटन-कन्येचं, आणि अर्थातच खंडाचंही. त्याच एप्रिलमध्ये मिलानहून स्कियापारेलीने आपला लघुग्रह शोधला आणि इटलीच्या जुन्या ग्रीक नावावरून त्याला ‘हेस्पेरिया’ म्हटलं. हा ६९ वा. मंगळावरच्या रेषांनी पुढे गाजला तोच हा स्कियापारेली.

पॉगसनने मद्रासहून आणखी चार लघुग्रह शोधले: सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि व्हेरा. पैकी सिल्व्हियाला दोन चंद्र आहेत हे २००५ मध्ये जाहीर झालं. वेधशाळेतला त्याचा सहायक चिंतामणी रघुनाथाचार्य याने १८६७ मध्ये आर रेटिक्युली हा रूपविकारी तारा शोधला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त या रघुनाथाचार्यांची दखल आहे.

पॉगसनची दुखरी नस म्हणजे गणित. वेध घ्यायला तो कधी थकला नाही, पण आकडे शुद्ध करून छापायला माणसं कमी पडली आणि वह्यांवर वह्या साठत गेल्या. ताऱ्यांच्या वेधांचा पहिला खंड निघायला १८८७ उजाडलं. पॉगसन १८९१ मध्ये मद्रासमध्येच वारला, आणि राहिलेले खंड त्याच्यामागून आलेल्या मिची स्मिथने पुरे केले. त्या आकडेमोडीत पॉगसनची मुलगीही होती. तिचं नाव आयसिस. १८७३ पासून ती वेधशाळेत गणक म्हणून नोकरीला होती. १८८६ मध्ये वडिलांनी तिचं नाव रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे ठेवलं. सोसायटीच्या सनदेत तेव्हा सभासदाचा उल्लेख पुल्लिंगी होता, या वकिली मुद्द्यावर ते मागे घ्यावं लागलं. आयसिस फेलो झाली ती १९२० मध्ये.