रेल्वेची शाळा आणि तिचे विद्यार्थी

बडोद्याच्या लालबागेत गायकवाडांचा प्रतापविलास राजवाडा उभा आहे. या राजवाड्यात १९५२ पासून रेल्वेचे अधिकारी विद्यार्थी होऊन बसत आले आहेत. ‘रेल्वे स्टाफ कॉलेज’ या नावाने येथे आलेली ही संस्था पुढे भारतीय रेल्वेची राष्ट्रीय अकादमी झाली. त्याच परिसरात २०१८ मध्ये राष्ट्रीय रेल्वे व परिवहन संस्था निघाली व २०२२ मध्ये तिचे गतिशक्ती विश्वविद्यालयात रूपांतर झाले. आम्ही शिक्षकी पेशातील असल्यामुळे आगगाडीच्या इंजिनापेक्षा या शाळेचेच कुतूहल आम्हांस अधिक. रेल्वेने कोणाला विद्यार्थी मानिले, त्याला काय शिकविले आणि कोणाला वर्गाच्या दाराबाहेर ठेविले, या तीन प्रश्नांच्या अनुरोधाने तिचा इतिहास पाहण्याचा येथे विचार आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी निघाली, तेव्हा रेल्वेची शाळा अशी वस्तू या देशात नव्हती. रूळ विलायतेहून आले, इंजिने विलायतेहून आली, आणि ती चालविणारे हातही तिकडूनच आले. चालक, गार्ड, निरीक्षक या जागांवर युरोपियन व पुढे अँग्लो-इंडियन माणसे नेमावयाची, आणि खलाशी, सांधेवाले व रूळदुरुस्तीच्या टोळ्या एतद्देशीयांतून भरावयाच्या, अशी विभागणी सहजच रूढ झाली. खालच्या माणसाचे शिक्षण उस्तादाच्या हाताखाली, पाहून आणि चुकून, होत असे. बिहारमधील जमालपूर येथे १८६२ मध्ये मोठा कारखाना निघाला व १८८८ मध्ये त्याला जोडून तांत्रिक शाळा सुरू झाली. रेल्वेतील व्यवस्थित शिक्षणाच्या पहिल्या खुणांपैकी ही एक होय.

आमच्या बडोदे संस्थानाने मात्र या बाबतीत आपली वाट थोडी निराळी धरली होती. डभोई ते मियागाम हा अरुंद रुळांचा मार्ग १८६२ मध्ये झाला, तेव्हा त्यावरील डबे बैल ओढीत. पुढे बैलांची जागा वाफेच्या इंजिनाने घेतली; परंतु बैल हाकणारा आणि इंजिन हाकणारा यांच्यामध्ये केवढे अंतर आहे, हे ज्यांच्या डोळ्यांदेखत घडले त्यांनाच अधिक कळले असले पाहिजे. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन निघाले. उद्योगविद्या देशी भाषांतून शिकविली गेली पाहिजे, हा गज्जरांचा आग्रह होता. कारागिराच्या हाताला पुस्तकाची जोड द्यावयाची तर ते पुस्तक त्याला वाचता आले पाहिजे, इतकी साधी ही गोष्ट आहे. तिचे मोल पुढच्या इतिहासावरून ध्यानात येईल.

रेल्वेतील नव्या कौशल्याचा सामाजिक परिणाम प्रथम तारयंत्रापाशी दिसला. गाड्यांची ये-जा सांभाळणाऱ्या सिग्नलरांना तारेची खूण, थोडे इंग्रजी आणि अखंड सावधानता लागे. १८९९ मध्ये जी. आय. पी. रेल्वेच्या सिग्नलरांनी वेतन व कामाचे तास यांसाठी संप केला आणि लोकमान्य टिळकांच्या पत्रांनी त्यांची बाजू घेतली. शिकलेला नोकर आपल्या शिक्षणाचे मोल मागतो, त्याला केवळ नियमपालन शिकवून भागत नाही, हा धडा कंपन्यांना या संपाने दिला. तो त्यांनी घेतला असे मात्र दिसत नाही.

१९२०-२१ मध्ये अ‍ॅकवर्थ समितीने रेल्वेची पाहणी केली, तेव्हा सुमारे ७ लाख १० हजार नोकरांपैकी जवळजवळ ७ लाख हिंदी व सुमारे ७ हजार युरोपियन होते. आणि सर्वोच्च जागांवर एकही हिंदी मनुष्य नव्हता. पुढे १९२४ मध्ये ली आयोगाने रेल्वेच्या वरिष्ठ नेमणुकांपैकी शेकडा ७५ जागा शक्य तितक्या लवकर हिंदी लोकांतून भरल्या जाव्यात व त्यासाठी शिक्षणाच्या सोयी वाढवाव्यात, अशी शिफारस केली. जमालपूरला १९२७ मध्ये विशेष उमेदवारांचा वर्ग सुरू झाला आणि १९३० मध्ये डेहराडून येथे रेल्वे स्टाफ कॉलेज उघडले. वरच्या पायऱ्यांवर हिंदी माणूस चढावयाचा तर त्याला शिकविले पाहिजे, हे सरकारला राष्ट्रीय मागणीच्या रेट्यामुळे मान्य करावे लागले. बडोद्याच्या राजवाड्यातील शाळेचे मूळ येथे आहे.

परंतु हिंदी आणि युरोपियन एवढीच भिंत रेल्वेत होती, असे समजणे चुकीचे ठरेल. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिच्या अध्यक्षपदावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दाखवून दिले, की अस्पृश्य कामगार वर्षानुवर्षे गँगमन म्हणून रुळांवर राबतो, पण त्याला स्टेशनातील पोर्टरची साधी जागाही मिळत नाही. कारण असे, की पोर्टर हा स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करतो. आणि अस्पृश्याच्या हातचे पाणी त्या घरात चालत नाही! पोर्टर होण्यास कोणतीही मोठी विद्या लागत नव्हती. परंतु त्या एका पायरीवरून पुढे सांधेवाल्याच्या व तत्सम जागांकडे वाट जात असल्यामुळे, पहिल्याच पायरीवर अडविलेला मनुष्य सारा जिना गमावून बसे. ज्या स्थानकांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी निराळे वाढले जाई, तेथे हे घडावे यात आश्चर्य नाही. आम्हांस मात्र वाटते, की रेल्वेच्या शिक्षणेतिहासात जमालपूरच्या इतकेच मनमाडचे नाव लिहिले गेले पाहिजे. शिकण्याचा अधिकार हा अभ्यासक्रमाच्या आधीचा प्रश्न आहे, हे तेथे सांगितले गेले.

स्वातंत्र्यानंतर फाळणीने नोकरवर्गाची उलथापालथ केली आणि नव्या माणसांना शिकविण्याची निकड वाढली. बडोद्याचे महाविद्यालय अधिकाऱ्यांसाठी होते; स्टेशनमास्तर, गार्ड, तिकिट कारकून यांच्यासाठी भुसावळसारख्या ठिकाणी विभागीय शाळा चालल्या. नोव्हेंबर १९५६ मधील अरियालूरच्या अपघातानंतर लालबहादूर शास्त्री यांनी रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे सर्वश्रुत आहे. पुढे १९६२ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली अपघातांची चौकशी करणारी समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९६४ मध्ये रेल्वेच्या लखनौ येथील संशोधन संस्थेत मानसशास्त्रीय कसोट्यांचा कक्ष निघाला. चालकाचा डोळा आणि हात यांबरोबर त्याचे अवधान, त्याचा थकवा, त्याची निर्णयशक्ती यांचाही विचार झाला पाहिजे, ही जाणीव येथे मूळ धरू लागली.

यंत्र बदलत होतेच. वाफेच्या काळात क्लीनर, फायरमन, शंटर, चालक अशी चढण होती. कोळसा कसा पसरावा, वाफेचा आवाज काय सांगतो, ही विद्या कानात आणि मनगटात असे. ती अक्षरावाचूनही येत असे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि पुढे डिझेल आले. रुंद मार्गांवरील वाफेची नियमित वाहतूक १९९५ मध्ये संपली. नव्या इंजिनाला विद्युत्मंडलाचा नकाशा वाचता येणारा मनुष्य हवा होता. ज्याची सारी हयात भट्टीसमोर गेली, त्याचे ज्ञान एका पिढीत निरुपयोगी ठरले. अशा माणसाला नव्या विद्येकडे नेणे, की बाजूस सारणे, हा तांत्रिक प्रश्न नसून नीतीचा प्रश्न आहे.

मनमाडच्या प्रश्नाचे दुसरे रूप स्त्रियांच्या बाबतीत दिसले. साताऱ्याच्या श्रीमती सुरेखा यादव यांनी कल्याणच्या प्रशिक्षण शाळेत शिक्षण घेतले आणि १९८९ मध्ये त्या साहाय्यक चालक झाल्या. ८ मार्च २०११ रोजी त्यांनी पुण्याहून मुंबईस ‘डेक्कन क्वीन’ आणली, १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून ‘वंदे भारत’ आणली, आणि २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. इंजिन स्त्री-पुरुष भेद जाणत नाही. तो भेद जाणणारी विश्रांतिगृहे, पाळ्या आणि सहकाऱ्यांची मने हीच बदलावयाची होती.

अलीकडच्या काळात कामाचे स्वरूप आणखी पालटले. १९८६ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झाल्यापासून खिडकीवरील कारकुनाचे काम बदलत गेले. आता त्याच्यापुढे अपंग प्रवासी, वाट चुकलेले मूल, परप्रांतीय मजूर उभा राहतो, आणि त्याच्याशी कसे वागावे हे नियमपुस्तकात पुरेसे सापडत नाही. थेट प्रवाशांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी ‘रेल कर्मयोगी’ उपक्रम हाती घेण्यात आला, तो याच गरजेतून. दुसरीकडे, २ जून २०२३ रोजी बहानगा बाजार येथे दोनशे नव्वदाहून अधिक माणसे प्राणास मुकली. सिग्नलच्या तारांच्या जोडणीतील चुका तिच्या मुळाशी असल्याचे चौकशीत आढळले. कौशल्य उणे पडले तर सौजन्याने प्राण वाचत नाहीत, आणि सौजन्य नसेल तर कौशल्याने मनुष्य मनुष्याजवळ येत नाही. शाळेला दोन्ही शिकविणे भाग आहे. २०१९ मध्ये आठ वरिष्ठ सेवा एकत्र करण्याचा निर्णय झाला आणि २०२४ मध्ये अभियंत्यांसाठी पुन्हा स्वतंत्र परीक्षेची वाट मोकळी करावी लागली. विशेषज्ञ हवा की सर्वज्ञ, हा वाद अद्याप मिटलेला नाही, हेच यावरून दिसते.

या इतिहासावरून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रत्येक वेळी यंत्राची शाळा आधी निघाली आणि माणसाचा धडा तिच्यात मागाहून, आणि तोही संप, परिषद किंवा अपघात झाल्यावर, घातला गेला. हा क्रम उलटविण्याचे थोडे काम आपल्यासारख्या संस्थांकडेही येते. रेल्वेभरतीची परीक्षा आज मराठीतून देता येते. परंतु भरती झाल्यावर शिकवण प्रामुख्याने हिंदी व इंग्रजीतून चालते. रूळ तपासणाऱ्या माणसाला धोक्याचा नियम त्याच्या भाषेत, त्याला कळेल अशा शब्दांत मिळावा, यासाठी परिभाषा सिद्ध करणे हे साहित्य संस्थेस न शोभणारे काम आहे, असे आम्ही मानीत नाही. गज्जरांनी कलाभवनात जो आग्रह धरला, तो याच गावातला आहे. आणि मनमाडला जो प्रश्न विचारला गेला, त्याचे उत्तर देताना पहिली पायरी मोकळी आहे की नाही, हेच प्रथम पाहावे लागेल.