क्लिफर्डने भावाला लिहिलेले पत्र



अमेरिकेत मे महिना मानसिक आरोग्याचा महिना म्हणून पाळतात, तोही १९४९ पासून. मुलांच्या शाळेतून पत्रक येते, ऑफिसातून ईमेल येते, आणि आपण ते बाजूला ठेवून कामाला लागतो. पण ज्या चळवळीतून हा महिना आला, तिची सुरुवात कुठल्या डॉक्टरने किंवा सरकारने केलेली नाही. ती एका रुग्णाने केली. आज त्याची गोष्ट ऐका.

क्लिफर्ड बिअर्सचा जन्म १८७६ चा, गाव कनेक्टिकटमधले न्यू हेवन. १८९४ मध्ये त्याच्या थोरल्या भावाला फिट येऊ लागल्या. क्लिफर्डच्या मनाने घेतले, आता हे आपल्यालाही होणार. ही भीती त्याने सहा वर्षे उराशी बाळगली. या काळात तो येलमधून पदवीधर झाला, न्यू यॉर्कला नोकरीला लागला. वरवर सगळे छान चालले होते. जून १९०० मध्ये त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. तो वाचला, आणि पुढची जवळजवळ तीन वर्षे एकामागून एक तीन इस्पितळांत गेली.

पोलीस आपल्या मागावर आहेत आणि भेटायला येणारे घरचे लोक म्हणजे वेष पालटून आलेले हेर आहेत, असे त्याला वाटे. त्याने बोलणे जवळजवळ टाकले होते. १९०२ च्या ऑगस्टमध्ये त्याने भावाला गुपचूप पत्र पाठवले: तू खरा भाऊ असशील तर येताना हेच पत्र घेऊन ये. भाऊ खरोखर ते पत्र हातात घेऊन आला. क्लिफर्डने पत्र ओळखले आणि भावालाही ओळखले. दोन वर्षांचा संशय तिथे गळून पडला.

आजार मात्र तिथे संपला नाही. पुढे मन उलट्या टोकाला गेले, उत्साह आवरेना. त्याला मारहाण झाली, हात अंगाशी जखडणाऱ्या जाड अंगरख्यात रात्री काढाव्या लागल्या. इस्पितळात असतानाच त्याने थेट राज्याच्या गव्हर्नरला तक्रार लिहिली. बाहेर पडल्यावर नोकरी धरली, पण सोसलेले तो विसरला नाही. १९०८ मध्ये त्याचे पुस्तक आले, स्वतःच्या खऱ्या नावाने. ज्या काळात घरातला असा माणूस लपवून ठेवत, त्या काळात हे फार मोठे धाडस होते. विल्यम जेम्स या नामवंत मानसशास्त्रज्ञाने त्याला पाठिंबा दिला. त्याच वर्षी कनेक्टिकटमध्ये संस्था उभी राहिली, १९०९ मध्ये देशपातळीवरची समिती, आणि १९१३ मध्ये न्यू हेवनमध्ये दवाखाना, जिथे इस्पितळात भरती न होता उपचार मिळत.

१९३९ मध्ये बिअर्स पुन्हा आजारी पडला, स्वतःहून इस्पितळात गेला आणि १९४३ मध्ये तिथेच वारला. म्हणून त्याचे सांगणे खोटे ठरत नाही. मधुमेह पुन्हा वाढला तर आधीची पंचवीस वर्षे वाया गेली असे आपण म्हणतो का?

आता आपल्या माणसांकडे येऊ. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात जगन्नाथ वाणी हे प्राध्यापक होते, मूळचे धुळ्याकडचे. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. परदेशात राहून ही गोष्ट झाकून ठेवणे त्यांना जमले असते. त्यांनी ती उघड सांगितली, पुण्यात अशा रुग्णांच्या कुटुंबांसाठी संस्था उभी केली आणि 'देवराई' या चित्रपटासाठी पुढाकार घेतला. २००४ च्या त्या चित्रपटात आजारी भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण आहे. अनेक मराठी घरांनी हा आजार पहिल्यांदा पडद्यावर पाहिला, आणि आपल्यासारखे आणखी कुणी आहे हे त्यांना कळले.

आपल्याकडे जेवणाच्या पंगतीत शुगर आणि बीपीच्या गोळ्यांची चर्चा मोकळेपणाने होते. नैराश्याची गोळी मात्र कपाटात मागे असते. भारतातल्या आईवडिलांना कळायला नको, मुलीचे लग्न ठरायचे आहे, लोक काय म्हणतील. ही भीती खोटी नाही. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा: सांगायचे की नाही, कुणाला आणि कधी, हे ज्याचे दुखणे त्याने ठरवायचे. बिअर्सनेही इस्पितळातून सुटल्यावर जवळजवळ पाच वर्षांनी पुस्तक छापले. दुसऱ्याचे दुखणे आपण परस्पर चारचौघांत सांगणे म्हणजे मोकळेपणा नव्हे.

आपले काम त्या भावाचे. घरातला कुणी काही सांगू लागला, तर 'मनावर घेऊ नकोस' म्हणून गप्प करू नका. त्याने मागितलेले पत्र घेऊन जा, म्हणजे तो म्हणतो ते ऐका, आणि डॉक्टरकडे जाताना सोबत बसा. जीव नकोसा झाला असे कुणी म्हणाले, तर अमेरिकेत ९८८ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो. त्यावर फोन करता येतो, मेसेजही पाठवता येतो.

काळजी घ्या, एकमेकांची विचारपूस करा. पुन्हा भेटूच. नमस्कार.